पिवळ्या वॉकीटॉकीचं अर्धं वाक्य

मित्रांनो, खुर्ची, छत्री, तुटकी चप्पल अशा मंडळींना आत्मवृत्त सांगायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती तोंड उघडण्याची. माझं तसं नाही. बोलणं हा माझा धंदाच आहे. मी एक जुना, पिवळ्या रंगाचा वॉकीटॉकी. फक्त आजवर मी दुसऱ्यांचं बोललो; स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ. तेव्हा मध्येच खरखर झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म २००१ साली चीनमधल्या एका कारखान्यात झाला. आम्ही जुळे. आमच्यात एकटं कुणी जन्माला येतच नाही, कारण एकट्या वॉकीटॉकीने करायचं काय? निळा डगला घातलेल्या एका मुलीने मला तोंडाशी धरलं, माझ्या भावाला चार टेबलं पलीकडे पाठवलं आणि ती म्हणाली, “वेई?” तिच्या भाषेत ते ‘हॅलो’ असावं. पलीकडून तिची मैत्रीण खुदकन हसली. मी पोचवलेला तो पहिला शब्द आणि भावाने पोचवलेलं ते पहिलं हसू. आम्ही पास झालो. मग आम्हाला शेजारी शेजारी एका खोक्यात बसवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पल्ला दोन मैल’. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की मध्ये डोंगर, इमारती, झाडं नसतील तर. म्हणजे जगात फारसं काही नसेल तर.

मला विकत घेतलं ते विवेकने. विवेक मूळचा नागपूरचा, डेन्व्हरजवळ लेकवुडला राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याची बायको उत्तरा पुण्याची, तीही त्याच धंद्यातली. घरी आणल्यावर विवेकने आधी काय केलं असेल? बोलून पाहिलं? छे. स्वयंपाकघरातून दोन पारदर्शक पिशव्या आणल्या, आम्हाला त्यात घातलं, मागे घडी मारून चिकटपट्टी लावली. त्या घरात टीव्हीचा रिमोट, कॅलक्युलेटर, गॅरेजचं बटण, सगळे याच पोशाखात असत.

“नवं राहतं,” विवेक म्हणाला.

खरंच, मी पुढे पाच वर्षं नवा राहिलो. फक्त बोलायचं बटण पिशवीच्या आत असल्यामुळे अंगठ्याला ते चाचपून शोधावं लागे, आणि सापडलं तरी मधूनच निसटे.

पहिली तीन वर्षं मोठ्या मानाची गेली. लांबच्या सहलीला दोन गाड्या निघत. पुढच्या गाडीत भाऊ, मागच्या गाडीत मी.

“पुढची गाडी, पुढची गाडी, चहा कुणाकडे आहे?”

“चहा तुमच्याकडेच. आमच्याकडे चकली.”

“मग थांबा ना यार पुढच्या एक्झिटला!”

“एक्झिट गेला. तू बोलत होतास म्हणून गेला.”

आमच्यासोबत आलेल्या पत्रकात छापलं होतं की बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणावं, म्हणजे समोरच्याला आपली पाळी कळते. ते कुणीच कधी म्हणालं नाही. आपलं बोलणं संपलं, हे मराठी माणसाला मान्य करवत नाही. दोघंही एकदम बटण दाबत, दोघांनाही काही ऐकू येत नसे, आणि दोघंही म्हणत की यंत्र खराब आहे. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला पडदा पाडायची सूचना माझ्यातून जायची. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरी प्रतिमाताई स्टेजवरून म्हणाल्या, “चहावाल्यांचे आणि वॉकीटॉकीचे आभार.” माझं नाव चहानंतर आलं, पण आपल्याकडे चहाच्या आधी कुणाचंच येत नाही.

मग घरातल्या दोघांकडे मोबाइल आले, आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. शेजारी एका जुन्या कॅमेऱ्याची चार्जर-वायर होती. तिचा कॅमेरा केव्हाच हरवला होता. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

मला तिथून बाहेर काढलं उत्तराने. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसणं, एवढाच विवेकचा बर्फाशी संबंध. उत्तराला मात्र बर्फ आवडायला लागला. रिसॉर्टवरचा, रांग लावून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, तो नव्हे. तिला डोंगरातला हवा होता, जिथे रस्ता नाही, लिफ्ट नाही, गस्तवाले नाहीत. स्कीच्या तळाला खरखरीत पट्ट्या चिकटवायच्या आणि आपल्या पायांनी वर चढायचं. तिथे मोबाइल चालत नव्हता. मी चालत होतो.

उत्तरा अभ्यासू. तिने आधी हिमप्रपाताचा तीन दिवसांचा कोर्स केला आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना तो शिकवला. मोठी परात मागवली. तळाला साखर पसरली, तिच्यावर एक जाड पोळी ठेवली आणि म्हणाली, “कोलोराडोचा बर्फ असा असतो. नोव्हेंबरात थोडासा पडतो, मग थंडीने त्याचे दाणे सुटतात, अशी साखर होते. नंतर जानेवारीत जोराचा पडतो, वारा त्याला दाबतो, त्याची ही पोळी होते. वरून दिसतं छान, सपाट. आता बघा.” तिने परात तिरकी केली आणि पोळीच्या कडेला बोटाने जरासं दाबलं. पोळी अख्खीच्या अख्खी सरकून सतरंजीवर पडली.

बायकांनी माना पुढे काढून सतरंजीकडे पाहिलं. मग वसुधाकाकूंनी विचारलं, “ही साखर परत डब्यात भरू ना गं?”

वसुधाकाकू म्हणजे गुरुनाथकाकांच्या पत्नी. आणि गुरुनाथकाका म्हणजे कुणाचेच सख्खे नसलेले, पण सगळ्यांचे काका. १९७० च्या सुमारास पूल बांधायला अमेरिकेत आले, पूल बांधून झाले तरी राहिले. वय चौसष्ट, अंगाने काटक, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली तपकिरी माकडटोपी. “मी स्की शिकलो तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता,” हे ते उत्तराला दर चढणीला एकदा सांगत. डोंगर त्यांना खरंच कळत होता, त्यात खोट नव्हती. उत्तरा आणि काका दर शनिवारी निघू लागले. एकाकडे भाऊ, एकाकडे मी.

काकांची एक सवय होती. वापरून झालं की कुठल्याही वस्तूतले सेल ते काढून ठेवत. “गळतात,” म्हणत. टॉर्चमधले काढत, घड्याळातले काढत, आणि बीकनमधलेही काढत. बीकन म्हणजे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. ते सतत न ऐकू येणारी हाक मारत असतं. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर वरच्या माणसाने आपलं बीकन शोधण्यावर लावायचं, म्हणजे खालची हाक कुठून येते ते कळतं. फक्त शोधण्यावर लावलं की ते स्वतः हाक मारायचं थांबतं. एका वेळी बोला किंवा ऐका. त्या बाबतीत ते माझ्याच कुळातलं.

जानेवारीत एकदा निम्म्या चढणीवर उत्तराच्या लक्षात आलं की काकांचं बीकन मुकं आहे. सेल त्यांच्या शर्टाच्या खिशात होते.

“गरम राहावेत म्हणून,” काका म्हणाले.

उत्तराच्या तोंडावर बरंच काही आलं, ते मी पाहिलं. पण ती एवढंच म्हणाली, “काका, पुढच्या वेळी आत असू द्या हं.” वडीलधाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय बोलणार?

आता त्या दिवसाकडे येतो.

२००६ सालचा फेब्रुवारी, शनिवार सकाळ. गाडी विवेक चालवत होता. तो नेहमी पायथ्याच्या पार्किंगमध्ये डबा आणि कादंबरी घेऊन थांबायचा. उत्तराने घरून निघतानाच फोनवर हिमप्रपाताचा अंदाज ऐकला होता. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवशी तिसरी होती.

“कन्सिडरेबल आहे, काका.”

“कन्सिडरेबल म्हणजे काय? विचार करण्याजोगा,” काका म्हणाले. “आपण विचार केला. चला.”

विवेक हसला. उत्तराही हसली, पण उशिरा. कोर्समध्ये तिला सांगितलं होतं की सगळ्यात जास्त माणसं याच पायरीवर जिवानिशी जातात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घाबरून घरी बसतात. तिसरीला विनोद करतात.

पार्किंगमध्ये ती म्हणाली, “काका, बीकन एकदा चेक करूया?”

“चालू आहे गं.”

“नाही, पण एकदा…”

“अगं, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून…”

मित्रांनो, दोन सेकंदांचं काम होतं. तिने आपलं बीकन शोधण्यावर लावायचं आणि काकांपासून दोन पावलांवर उभं राहायचं, बस. पण चेक करणं म्हणजे ‘काका, माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असं तोंडावर म्हणणं. तिने पट्टा आवळला आणि ती चालायला लागली. मी काकांच्या छातीच्या खिशात होतो, भाऊ उत्तराच्या.

दोन तासांनी एक मोकळी घळ आडवी आली. ऐंशी-नव्वद पावलं रुंद, वर तीव्र उतार, उतारावर वाऱ्याने दाबलेली जाड पोळी. पलीकडे दाट झाडी, आणि झाडीतून गाडीपाशी उतरणारी सपाट, निर्धोक वाट. नियम असा की अशी जागा एकेकाने ओलांडायची, बाकीच्यांनी सुरक्षित ठिकाणाहून पाहायचं. उत्तरा पुढे गेली, झाडीत पोचली. तेवढ्यात ढग उतरला. पलीकडची झाडं पुसली गेली आणि उत्तराही पुसली गेली.

भाऊ बोलला, म्हणजे उत्तरा बोलली, “पोचले मी काका. आता तुम्ही.”

काकांनी एक पाऊल पुढे टाकलं. पायाखाली आवाज झाला, ‘धप्प’. मोठा नव्हे, गादीवर कुणी बसावं तसा. तळाची साखर दबली, की असा आवाज येतो. काका जागच्या जागी थांबले. मी त्यांच्या छातीवर होतो. त्यांचं काळीज कसं चाललं होतं, ते मला कळत होतं. त्यांनी वरच्या उताराकडे पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. मित्रांनो, तो निर्णय अगदी बरोबर होता. चौतीस वर्षांचा अनुभव यासाठीच असतो. आता एवढंच राहिलं होतं, की हा निर्णय उत्तराला सांगायचा.

काकांनी मला तोंडाशी धरलं, जाड हातमोज्यातून पिशवीवरून बटण चाचपलं आणि ते बोलले. शब्दशः सांगतो:

“अगं उत्तरा, काय म्हणतो मी… तसं काही नाही हं, उतार काही वाईट नाही, आपण इथून पूर्वी कितीदा गेलोय. पण आज ना, मला वाटतं, मी मागे फिरतो. धप्प झालं पायाखाली. तू झाडीतून उतर, गाडीपाशी भेटू. काळजी करू नकोस. बरं मग, येतो मी.”

आपल्याकडे नकार द्यायचा तर असाच देतात. पुढे प्रस्तावना, मागे निरोप, आणि खरी गोष्ट मध्ये, जरा हळू आवाजात. आणि बटण निसटलं ते नेमकं मध्ये. ‘काय म्हणतो मी’ म्हणताना अंगठा प्लॅस्टिकवरून घसरला आणि ‘बरं मग’ म्हणताना पुन्हा जागेवर आला. पलीकडे उत्तराला ऐकू आलं ते एवढंच:

“अगं उत्तरा, काय म्हणतो मी… बरं मग, येतो मी.”

आता विचार करा. आपल्या भाषेत निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. तो ‘येतो’ म्हणतो. आणि येणारा माणूसही ‘येतो’च म्हणतो. दारात उभं राहून बोलताना यात घोटाळा होत नाही, कारण माणसाची पाठ दिसते. ढगात पाठ दिसत नाही.

उत्तरा म्हणाली, “या. सावकाश या हं.”

आणि निरोप देतानाही आपण नेमकं हेच म्हणतो! काका समाधानाने मागे वळले. त्यांनी मला बंद केलं, सेल वाचावेत म्हणून, आणि खिशात टाकलं. माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट, त्याच्यावर जॅकेटची टोपी अशा थाटात, म्हणजे कानांवर तीन थर घेऊन, ते आल्या वाटेने उतरू लागले.

पुढचं मला भावाने नंतर सांगितलं.

उत्तरा झाडाला टेकून वाट पाहत होती. तीन-चार मिनिटं झाली असतील. वर कुठेतरी कापड फाटल्यासारखं झालं आणि घळ सगळीच्या सगळी सरकली. ढगात दिसलं काहीच नाही; फक्त गडगडाट, वारा आणि तोंडावर बर्फाचा भुगा. मग सगळं शांत.

“काका?” ती भावात बोलली. “काका, बोला.”

मी बंद होतो.

ती धावली. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं असतात, हे तिला कोर्सात शिकवलं होतं. तिने बीकन शोधण्यावर लावलं, म्हणजे आता ती स्वतः मुकी झाली. वर अर्धी पोळी अजून लटकत होती. ती सुटली असती, तर उत्तराला शोधायला जगात कुणी नव्हतं, आणि असतं तरी ती सापडली नसती. हे तिला माहीत नव्हतं असं समजू नका.

त्या ढेकळांवरून ती वरपासून खालपर्यंत फिरली. बीकनवर काहीच उमटेना. काहीच नाही याचा सरळ अर्थ असा, की इथे कुणी नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर शर्टाचा खिसा होता. काकांनी सेल काढून ठेवलेत, असं तिने धरलं. मग तिने घडीची लांब काठी जोडली आणि बर्फात खुपसत सुटली. पावलाला एक भोक. मऊ लागलं की माणूस, कडक लागलं की जमीन.

इकडे अर्ध्यापाऊण तासात काका शीळ घालत गाडीपाशी पोचले. विवेकने कादंबरी मिटली.

“उत्तरा कुठंय?”

“येतेय झाडीतून. बोलणं झालंय आमचं.”

“मग विचारा ना कुठपर्यंत आलीये. मी खिचडी गरम करायला ठेवतो.”

काकांनी मला चालू केलं. अंतर दोन मैलांच्या आत होतं, मध्ये डोंगर नव्हता; मी जागा झालो तो तिच्या आवाजानेच. ती धापा टाकत होती.

“…काका, मी इथेच आहे. खणतेय मी. तुम्ही श्वास हळू घ्या. बोलू नका. ऐकू येत असलं तरी बोलू नका, फक्त श्वास घ्या…”

काकांचा हात तसाच राहिला. जिवंत माणसाला असं काही ऐकायची वेळ सहसा येत नाही.

आधी कळलं ते विवेकला. त्याच्या हातातला डबा खाली पडला. “काका, ती तुम्हाला शोधतेय. ती उतारावर आहे. सांगा तिला!”

काकांनी बटण दाबलं. ती बोलत होती. तिने बटण सोडल्याशिवाय तिला काही ऐकू जाणार नव्हतं. ती थांबली. काकांनी पुन्हा दाबलं आणि अंगठा घसरला. पुन्हा दाबलं, पुन्हा घसरला. मग गुरुनाथकाकांनी हातमोजा झटकला, पिशवी दातांत धरली आणि टरकन फाडली. पाच वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला.

“उत्तरा. मी गाडीपाशी आहे. मी मागे फिरलो होतो. बर्फाखाली कुणी नाही. झाडीत जा. आत्ता.”

चौसष्ट वर्षांत प्रस्तावनेशिवाय केलेलं काकांचं ते पहिलं भाषण.

बराच वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. “परत बोला.”

“मी गाडीपाशी आहे.”

“कोण?”

“मी. गुरुनाथ. विवेक शेजारी उभा आहे. तू तिथे एकटी आहेस, पोरी. निघ.”

विवेक माझ्यावर ओणवून ओरडला, “उत्तरा, खरंय! खरंय गं!”

“निघते,” ती म्हणाली. आणि झाडीत शिरल्यावर पुन्हा बोलली, “झाडीत आले.” आणि दर पाच मिनिटांनी बोलत राहिली. मोडका ओंडका ओलांडला. ओढा लागला. गाडी दिसली.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी जाऊन पाहिलं, तर वर लटकलेली अर्धी पोळीही खाली आलेली होती. किती वाजता, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

उत्तरा गाडीपाशी आली. काका हात पसरून पुढे झाले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ त्यांच्या जॅकेटची चेन ओढली आणि आतलं बीकन हातात घेतलं. त्यावरचा लाल दिवा उघडमीट करत होता.

“होते,” ती म्हणाली. “सेल होते.”

“नवे घातलेत आज,” काका म्हणाले. “तू म्हणाली होतीस ना, जानेवारीत.”

“मग सांगितलं का नाहीत?”

काका काय सांगणार? चौतीस वर्षांच्या अनुभवी माणसाने काल शिकलेल्या पोरीचं ऐकणं वेगळं आणि ऐकलं असं कबूल करणं वेगळं. उत्तरा तिथेच बर्फात बसली आणि मोठ्याने रडायला लागली. काका तिच्यासमोर उकिडवे बसले. मग त्यांचं लक्ष तिच्या छातीकडे गेलं.

“तुझं अजून शोधतंय गं,” ते म्हणाले, आणि त्यांनी तिचं बीकन परत हाक मारण्यावर लावलं.

खिचडी कुणी खाल्ली नाही. परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही, आणि त्यात माझा दोष नव्हता.

उत्तरा तीन आठवडे काकांशी बोलली नाही. चौथ्या शनिवारी काका स्वतःच दारात येऊन उभे राहिले, विमानतळावर झडती देतात तसे दोन्ही हात वर करून. “कर चेक,” म्हणाले. तिने केलं. मग त्यांनी तिचं केलं. त्यानंतर दोन हिवाळे प्रत्येक चढणीआधी हा कार्यक्रम व्हायचा. इतर लोक बघत, हसत. वळताना काका म्हणत, “उत्तरा, वळतोय.” थांबताना म्हणत, “थांबलोय.” घाबरले की म्हणत, “घाबरलोय.” हा शेवटचा शब्द पहिल्यांदा माझ्यातून गेला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं.

२००८ च्या उन्हाळ्यात काकांचे गुडघे संपले. मुलाने त्यांना मॉरिसव्हिलला बोलावून घेतलं. तिथे बर्फ पडलाच तर पेपरात बातमी येते. निघायच्या दिवशी काका-काकू उत्तराच्या घरी आले. विवेक त्यांना विमानतळावर सोडणार होता. काकांनी माझा भाऊ मागून घेतला.

“तिकडे काय करणार त्याचं?” विवेकने विचारलं.

“असू दे,” काका म्हणाले.

दारात काकू म्हणाल्या, “येतो हं आम्ही.”

काका म्हणाले, “मी जातो.”

“अहो, काहीतरीच काय! असं म्हणतात का कुणी?”

“म्हणू द्या, काकू,” उत्तरा म्हणाली.

गाडी हलली. उत्तरा दारात मला घेऊन उभी राहिली.

“काका, ऐकू येतंय?”

“येतंय. मी जातोय, उत्तरा. कोपऱ्यावर वळलोय. आता सिग्नल लागला. पेट्रोल पंप गेला. शाळा गेली. मी नीट आहे. काकू रडतेय, पण नीट आहे. मला तुझी आठवण येईल. हे मी सांगणार नव्हतो, पण सांगतोय. आता हायवेला…”

तिथे खरखर सुरू झाली. दोन मैल काही झाले नव्हते. मध्ये घरं होती, झाडं होती. खोक्यावर लिहिलंच होतं तसं. माझ्या भावाचा आवाज मी ऐकला तो तेवढाच, शेवटचा. उत्तरा पायऱ्यांवर बसली आणि खरखर ऐकत राहिली. मध्ये बोलली नाही. बटणालाही हात लावला नाही. न जाणो, त्यांचं वाक्य अजून चालू असेल.

मित्रांनो, मला काही मागायचं असलं तर एवढंच मागतो. माझ्यासारखी वस्तू घरात आणलीत, तर तिला झाकून जपू नका. वापरा, ओरखडे पडू द्या, फक्त बटण नीट चालतं का ते बघत जा. आणि आपल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर आधी दाबा, मग बोला, आणि सगळं सांगून होईपर्यंत अंगठा उचलू नका.